कोयनेकाठची माती: वाई ते कऱ्हाड, चार दिवस सायकलवर

कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरच्या एकाच माथ्यावर उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरतात आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन भिडतात. ही वाट सायकलने धरली तर चार दिवसांत तीन प्रकारची जमीन चाकाखालून जाते. माथ्यावर तांबडा जांभा, डोंगरउतारावर मुरूम आणि खाली कऱ्हाडकडे काळी माती. टायर कुठला, हवा किती, निघायचं किती वाजता, ब्रेक कसा लावायचा, हे त्या दिवशीची जमीन ठरवते. किलोमीटर नंतर मोजायचे.

मार्ग असा: वाई, पाचगणी, महाबळेश्वर, तापोळा, तिथून लाँचने बामणोली, मग कास, सातारा, पुढे ठोसेघर, चाळकेवाडी, वनकुसवडे, पाटण आणि शेवटी कऱ्हाड. ढोबळ मानाने दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर. यातला निम्म्याहून जास्त रस्ता डांबरी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. शंभर टक्के कच्चा रस्ता हवा असेल तर सह्याद्रीत तो सलग मिळत नाही. मधेमधे घाटाचं डांबर येतंच. शिवाय वाडीवस्तीचे रस्ते दरवर्षी बदलतात. गेल्या हिवाळ्यात जिथे डबर अंथरलेलं होतं तिथे या हिवाळ्यात डांबर असतं, आणि गेल्या वर्षीचं डांबर एका पावसाळ्यात परत खडीवर आलेलं असतं. कुणाची दोन वर्षांपूर्वीची जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनवर नोंदवलेला मार्ग, हाती आली तर दिशेसाठी वापरा, रस्त्याच्या पोतासाठी तिच्यावर विसंबू नका.

काळ ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, धुकं, आडवा वारा आणि जांभ्यावर शेवाळ, अशी तिन्ही संकटं एकदम असतात. मार्चनंतर सावली नाही, पाणी नाही आणि शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या तलावाचं, पाणीही बरंच खाली गेलेलं असतं. डिसेंबरात उजाडतं सातच्या सुमारास आणि सहाला सूर्य बुडतो, म्हणजे कामाचे तास दहा-अकराच. दिवसाचं अंतर त्या हिशेबाने लहान ठेवलं आहे.

सायकलीबद्दल. टायर ४० मिमी ही खालची मर्यादा. फ्रेममध्ये बसत असतील तर ४५ घाला. ७०-७५ किलोचा स्वार, आठेक किलो सामान आणि ४५ मिमीचा ट्यूबलेस टायर असेल तर कच्च्या रस्त्यावर मागे ३२ आणि पुढे २८ पीएसआय इथून सुरुवात करावी. डांबरी दिवशी दोन्हीकडे ४० चालतं. हवा जास्त झाली की जांभ्याच्या खड्यांवर चाक उड्या मारतं आणि पुढचं चाक वळणावर निसटतं. कमी झाली की डबराचा कोपरा टायर चेपून थेट रिमवर बसतो. अंगठ्याने दाबून २८ आणि ३५ मधला फरक कुणालाच कळत नाही, तेव्हा छोटा गेज जवळ ठेवा. सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, प्रत्येक टायरात ८० ते १०० मिली. आपल्याकडच्या उन्हात ते तीन-चार महिन्यांत सुकतं. निघण्याआधी चाक काढून कानाजवळ हलवा. पातळ खळखळ ऐकू आली तर ठीक, काहीच ऐकू आलं नाही तर आत फक्त रबराची साय उरली आहे असं समजा.

गिअर हलके हवेत. पुढे ४० दात आणि मागे ११-४२ ची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच), किंवा पुढे ४६/३० आणि मागे ११-३४. सर्वांत हलका गिअर एकास एक किंवा त्याहून खाली आला पाहिजे. रस्त्याच्या सायकलीची ५०/३४ ची जोडी घेऊन आलेले लोक दुसऱ्या दिवशीच बामणोलीच्या चढाला सायकल ढकलताना दिसतात. आणि एक वस्तू विसरूच नका: तुमच्याच मॉडेलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, साताऱ्यातल्या किंवा कऱ्हाडमधल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नये. त्याच्या जोडीला चेनची जोडकडी दोन, ट्यूब दोन, टायरची भोकं बुजवायच्या प्लगचा संच, ब्रेक पॅडची एक जोडी, व्हॉल्व्हचा गाभा काढायची किल्ली, आणि टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापून धुतलेला तुकडा. त्या तुकड्याचं काम तिसऱ्या दिवशी.

पहिला दिवस: वाई ते तापोळा, ६० किमी

पुण्याहून येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी वाईत मुक्काम करावा. पसरणी घाट सकाळी सातच्या आत सुरू करायचा. नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात आणि शनिवार-रविवारी तर हा घाट सायकलचा राहतच नाही. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, चढ सलग पण बेताचा. मागे वळून पाहिलं की कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. पाचगणी ते महाबळेश्वर एकोणीस किलोमीटर चढउताराचे. हा सगळा भाग डांबरी आणि वर्दळीचा, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

महाबळेश्वर बाजारापासून क्षेत्र महाबळेश्वर सहा किलोमीटर. वेळ असेल तर जाऊन यावं, कारण ज्या कोयनेच्या काठाने पुढचे दिवस काढायचे तिचा उगम तिथल्या पंचगंगा मंदिरात मानला जातो, कृष्णा, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांच्याबरोबर. पण दुपारी एकपर्यंत परत बाजारात असलं पाहिजे.

बाजारापासून तापोळा सुमारे २८ किलोमीटर. महाबळेश्वर जवळपास १३७० मीटरवर, तापोळा तलावाच्या काठाला. म्हणजे सातशेच्या आसपास मीटर खाली जायचं. सरासरी उतार फार नाही, पण रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा. पावसाळ्यात कडेच्या दरडीतून वाहून आलेली तांबडी खडी वळणांच्या आतल्या बाजूला साचून राहते आणि डांबरावर असल्यामुळे नजरेला चटकन पडत नाही. खरी कच्ची वाट सुरू होण्याआधी ब्रेक तपासायची ही जागा. लिव्हर हँडलला टेकत असेल, दाबल्यावर स्पंजासारखा वाटत असेल, किंवा पॅड नवेकोरे असून अजून बसलेले नसतील, तर ते इथे कळलेलं चांगलं. नवे पॅड बसवायचे तर सरळ उतारावर वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन जोरात हळू व्हायचं, पण चाक पूर्ण थांबू द्यायचं नाही.

तापोळ्याला घरगुती मुक्काम आणि कृषी पर्यटनाच्या सोयी आहेत. मोबाइलची रेंज बेभरवशाची, त्यामुळे रोख पैसे महाबळेश्वरातच काढा आणि पुढच्या दिवसांचे नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा. लाँचची चौकशी पोहोचल्या संध्याकाळीच बोट क्लबवर करायची, सकाळवर ठेवायची नाही.

दुसरा दिवस: तापोळा, लाँच, बामणोली, कास, सातारा

शिवसागर भरण्याआधी या खोऱ्यातल्या वाटा नदीच्या काठाकाठाने जायच्या. १९६० च्या दशकात कोयना धरण भरलं, गावं उठली, वाटा पाण्याखाली गेल्या. म्हणून आपणही इथे लाँचच धरायची. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटर असते. ऑक्टोबरात लाँच अगदी पायरीला लागते. जसजसा उन्हाळा जवळ येतो तसा धक्का खाली खाली सरकतो आणि मधे गाळाचा उतार उघडा पडतो. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो, पण पाय दिला की खालचा थर लोण्यासारखा. यात सायकल ढकलत नेली तर चाक दोन फेऱ्यांतच गाळाने भरतं. खांद्यावर घ्या, चेनची बाजू अंगापासून लांब ठेवा आणि बुटांना चिकटलेला गाळ लाँचमध्ये चढण्याआधीच पाण्यात धुवा, नाहीतर पेडलच्या क्लिपमध्ये तो सिमेंटसारखा बसतो.

लाँच सहसा पूर्ण ठरवावी लागते, म्हणून चार-पाच जणांचा गट असला तर परवडते. सायकली छताच्या खांबाला पुढच्या चाकाने बांधून उभ्या करायच्या. आडवी ठेवायचीच वेळ आली तर डिरेलरची बाजू वर. दोन सायकली एकमेकींवर टाकल्या की एकीचं पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये घुसतं. मधे गोणपाट किंवा जॅकेट घाला. लाइफ जॅकेट घालून बसा, खाली पसरून त्यावर बसू नका. पलीकडच्या पश्चिम काठाचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. तिकडे परवानगीशिवाय उतरायचं नाही आणि सायकल घेऊन तर नाहीच. वासोटा किल्ल्यावर जायचा बेत या वाटेत कोंबू नका, त्याला वेगळा दिवस लागतो.

बामणोलीत नाश्ता करून चढाला लागायचं. तलावाच्या पातळीवरून कासच्या पठारापर्यंत सुमारे पाचशे मीटरचा चढ, बारा-चौदा किलोमीटरमध्ये. रस्ता डांबरी असला तरी जागोजागी उखडलेला, कडेला मुरुमाची पट्टी. इथे शिकण्यासारखी एक गोष्ट: मुरूम कोरडा आणि दाबलेला असेल तर उखडलेल्या डांबरापेक्षा तोच बरा. फक्त त्याचा रंग बघत जा. फिकट, बारीक चकाकणारा भाग म्हणजे सुटा मुरूम, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. गडद आणि सपाट भाग म्हणजे दाबलेला, पकड चांगली. चढावर मागचं चाक घसरायला लागलं तर उभं राहून पेडल मारू नका. बसून राहा, नाक हँडलकडे न्या, गिअर एक जड करा. फार हलक्या गिअरमध्ये प्रत्येक पेडलला झटका बसतो आणि पकड त्या झटक्यानेच सुटते.

कासच्या अलीकडच्या झाडीत सकाळ-संध्याकाळ गवे रस्त्यावर येतात. सायकलचा आवाज नसतो, त्यामुळे वळणावर एकदम समोर आलो की तेही दचकतात. आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवत जा. दिसले तर थांबा, जाऊ द्या, फोटोसाठी पुढे सरकू नका.

कास पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. फुलांच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, इथे शुल्क आणि नोंदणी असते आणि गर्दीही तशीच. हंगाम संपल्यावर पठार रिकामं असतं, आणि नेमका तेव्हाच सायकल पठारावर घालायचा मोह होतो. तसं करू नये. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो. फुलं नसली तरी त्यांचे कंद आणि बिया त्याच थरात असतात आणि चाकाची एक रेघ पुढच्या पावसापर्यंत पुसली जात नाही. कच्च्या वाटेची हौस जुन्या राजमार्गावर भागवावी. कासहून कुमुदिनी तलावाकडे जाणारी ही वाट जुनी आणि रुंद आहे, तलाव दीड-दोन किलोमीटरवर आहे. उद्या दिवसभर जांभ्यावर चालवायचं आहे त्याची तालीम इथे होते. हवा ३२/२८ वर आणा आणि हा तुकडा जाऊन-येऊन करा. टायरचा दाब तुमच्या वजनाला जमतो की नाही हे चार किलोमीटरमध्ये कळतं.

पुढे पेट्री, यवतेश्वर करत साताऱ्यात उतरायचं. यवतेश्वरचा घाट तीव्र आहे, संध्याकाळी गाड्या असतात. साताऱ्यात सायकलची दुकानं आहेत. स्पोक सैल झाला असेल, चाक डोलत असेल, तर इथेच बघून घ्या, कारण पुढचा दिवस सगळ्यांत लांबचा आणि सर्वांत एकटा. कंदी पेढे घ्यायचे असतील तर पाव किलो पुरे. उन्हात बॅगेत ते सुटतात आणि मग गिअरच्या केबलपर्यंत तूप पोहोचतं.

तिसरा दिवस: सातारा, ठोसेघर, चाळकेवाडी, वनकुसवडे, पाटण

या सफरीचा जीव या दिवसात आहे. अंतर साठ-सत्तर किलोमीटर, किती आडफाटे चुकता त्यावर. साडेसहाला दिवा लावून निघायचं.

अजिंक्यताऱ्याखालच्या बोगद्यातून बाहेर पडलं की शहर संपतं. सज्जनगडाच्या बाजूने रस्ता चढतो, खाली परळीच्या अंगाला उरमोडी धरणाचं पाणी दिसत राहतं. ठोसेघर साताऱ्यापासून २६ किलोमीटर. इथे पोट भरून घ्या आणि माणशी तीन लिटर पाणी भरा. पुढच्या पठारावर गावं आहेत, पण ती रस्त्याला लागून असतीलच असं नाही आणि सावलीला झाड मिळायची मारामार. साताऱ्याकडे आणि पाटणकडे अशा उघड्या जांभ्याच्या पठाराला सडा म्हणतात. सड्यावर उन्हाचा त्रास नुसत्या तापमानाने होत नाही. वाऱ्यामुळे घाम दिसत नाही आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. बाटली दर वीस मिनिटांनी तोंडाला लावायची, तहान असो वा नसो.

चाळकेवाडीपाशी पवनचक्क्या सुरू होतात. यांच्यामुळेच हा सडा ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्याच्या, सायकलसाठी इतका चांगला झाला आहे. पवनचक्कीचं लांबलचक पातं आणि मोठी क्रेन वर न्यायची तर वळणं रुंद हवीत, चढ बेताचे हवेत आणि पाया भक्कम हवा. म्हणून डबर अंथरून, वर जांभा-मुरूम दाबून रुंद रस्ते केले गेले. त्यांना डांबर लागलं नाही, कारण देखभालीच्या जीपखेरीज तिथे कुणी जात नाही. सायकलवाल्याला याहून काय हवं!

पण याच रस्त्यांचा मोठा घोळ असा की मुख्य रस्त्यापासून प्रत्येक मनोऱ्याकडे एकेक फाटा फुटतो आणि फाटा दिसायला मुख्य रस्त्याइतकाच रुंद असतो. तो धरला की काही अंतरावर चौकोनी सपाट जागा, लोखंडी दार, ट्रान्सफॉर्मर, आणि रस्ता संपला. अशा तीन-चार फाट्यांत तासभर सहज जातो आणि प्रत्येक वेळी परत चढावं लागतं. ओळखायची खूण जमिनीवर असते. मुख्य वाटेवर दुचाकी आणि जीप दोन्हींच्या चाकोऱ्या दोन्ही दिशांनी जातात, मधला उंचवटा गवताशिवाय असतो. फाट्यावर मधल्या पट्टीत गवत उभं असतं आणि चाकोरी एकाच जाडीची. दुसरी खूण पाण्याची: दक्षिणेकडे जाताना शिवसागर उजव्या हाताला आणि तारळी नदीचं खोरं डाव्या हाताला असायला हवं. दोन्ही एकाच बाजूला दिसू लागली तर वळून परत या. चक्कीचा पहारेकरी भेटला तर विचारायला लाजू नका. आणि साखळी लावलेली असेल तर ती ओलांडू नका, ती जागा खासगी असते. मनोऱ्यावर रंगवलेला क्रमांक लक्षात ठेवत जा. मदत मागवायची वेळ आली तर सड्यावर दुसरा पत्ता नाही.

आता जमिनीकडे. जांभ्याचा रस्ता झिजला की त्यातून वाटाण्याएवढे, बोराएवढे गोल लालसर खडे सुटतात आणि खालच्या टणक पृष्ठभागावर मोकळे पडून राहतात. बेअरिंगच्या गोळ्या फरशीवर सांडल्या तर जे होईल तेच इथे होतं. सरळ जाताना काही वाटत नाही. पुढचा ब्रेक आणि वळण एकत्र आलं की चाक बाजूला निघून जातं. म्हणून वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच कमी करायचा. वळणात ब्रेक पूर्ण सोडून बाहेरचं पेडल खाली दाबायचं आणि नजर चाकासमोर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवायची. चाकोरीतच राहा. चाकोरी बदलायची असेल तर मधला उंचवटा तिरका ओलांडू नका, कारण सगळे सुटे खडे त्याच्यावरच ढकललेले असतात. वेग कमी करून जमेल तितकं आडवं काटून जा.

काही तुकड्यांत पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा आहेत. तिथे फार हळू गेलं तर प्रत्येक लाट हाडांत जाते. थोडा वेग ठेवून, कोपर सैल सोडून, सीटवरून अंग उचलून गेलेलं बरं. असा तुकडा संपला की थांबून बाटलीच्या स्टँडचे स्क्रू, बॅगेचे पट्टे आणि हेडसेट (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं ती बेअरिंग) हाताने तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली आणि टक्-टक् जाणवलं तर हेडसेट सैल झालाय.

रस्त्याच्या कडेला जांभ्याच्या तुटलेल्या कडा असतात, कोयत्यासारख्या. चुकून चाक कडेला गेलं तर टायरची बाजूची भिंत चिरते. फुस्स आवाज आणि सीलंटचा फवारा आला की लगेच उतरा, चीर खाली येईल असं चाक फिरवा. सीलंट तिथे जमून बारीक चीर दोन मिनिटांत स्वतः बुजते. तीनेक मिलिमीटरची असेल तर प्लग: सुई पूर्ण आत, अर्धी पट्टी बाहेर ठेवून झटक्यात ओढायची, बाहेरचं टोक लगेच कापायचं नाही. एकाने भागलं नाही तर दुसरा शेजारी. सेंटिमीटरभर चीर असेल तर प्लगचा नाद सोडा आणि ट्यूब घाला. टूथपेस्टचा तो तुकडा आतून चिरेवर ठेवायचा, म्हणजे ट्यूब फुग्यासारखी बाहेर येत नाही. आता सगळ्यांत महत्त्वाचं. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवून काटे काढा. ट्यूबलेस टायरात बाभळीचे-बोरीचे चार-पाच काटे महिनोन्महिने रुतून असतात आणि सीलंटमुळे त्यांचा पत्ताही लागत नाही. ट्यूब घातली की त्यातला पहिलाच काटा ती फोडतो. दुसरी ट्यूबही तशीच जाते. मग सड्यावरून पाटणपर्यंत पायपीट. आणि काटा टायरच्या बाहेरून दिसला तर तो लगेच उपटू नका. हवा टिकते आहे तोवर तो बुचाचं काम करतोय.

मेंढरांचा वाडा दिसला की दुरूनच वेग कमी करा. राखणीचे कुत्रे सायकलमागे धावतात, चालणाऱ्या माणसामागे सहसा नाही. उतरा, सायकल कुत्रा आणि आपल्या मधे धरा, चालत पुढे व्हा आणि मेंढक्याला हाक मारा.

वनकुसवड्यापुढे सडा संपत येतो आणि पाटणच्या बाजूला उतार लागतो. पाचशेच्या वर मीटर खाली जायचं आहे. जमीन इथे बदलते: जांभा मागे राहतो, मुरूम येतो, त्यात पावसाच्या पाण्याने पाडलेल्या घळी. कच्च्या तुकड्यांवर पाणी काढून द्यायला रस्त्यावर आडवे चर मारलेले असतात. सावलीत ते दिसत नाहीत आणि पुढचं चाक त्यात बसलं तर स्वार हँडलवरून जातो. म्हणून हा उतार उन्हं कलायच्या आत, चारपर्यंत संपवायचा. ब्रेक सतत धरून ठेवू नका. जोरात दाबून वेग मारा, सोडा, पुन्हा दाबा. सतत घासल्याने पॅडवर काचेसारखा थर येतो, आवाज वाढतो आणि पकड जाते. डिस्क तापली म्हणून तिच्यावर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. दोन-तीन ठिकाणी थांबून बोटं मोकळी करा, तेवढ्यात ती आपोआप निवते.

पाटण केरा आणि कोयना यांच्या संगमावर आहे. एसटी स्टँडच्या आसपास मुक्काम आणि जेवण मिळतं. हातात जादा दिवस असेल तर पाटणहून तारळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सडावाघापूरला जाऊन यावं, तोही पवनचक्क्यांचा सडा. तिथला उलटा धबधबा मात्र पावसाळ्यातला: दरीतून येणारा वारा पाणी वर उडवतो. डिसेंबरात जाऊन धबधबा कुठंय म्हणून विचारू नये. कोयनानगर पश्चिमेला सुमारे वीस किलोमीटर. वाटेत हेळवाकला दक्षिणेकडे वाहणारी कोयना काटकोनात पूर्वेला वळते, ते पाहण्यासारखं आहे. पण हा चिपळूणला जाणारा ट्रकचा रस्ता. सायकल पाटणला ठेवून एसटीने गेलेलं उत्तम.

चौथा दिवस: पाटण ते कऱ्हाड

मुख्य रस्त्याने छत्तीसएक किलोमीटर, दोन तासांचं काम. तो रस्ता सोडून नदीच्या दक्षिण काठाच्या गावांतून आणि पाणंदींतून, म्हणजे शेतांमधल्या वाटांनी, गेलं तर अंतर दहाएक किलोमीटरने वाढतं आणि वेळ दुप्पट लागतो. आपण पाणंदच धरायची. चढ असा नाही. अडचण मातीची.

सड्यावर आणि उतारावर सुटे खडे त्रास देतात. इथे उलट, माती सुटतच नाही. कोरडी असली की काळी माती डांबरासारखी घट्ट, टायर मस्त पळतात. ओली झाली की चाकाभोवती थरावर थर चढतात आणि टायर-फ्रेममधली जागा भरून चाक जाम होतं. गंमत म्हणजे पाऊस नसतानाही ती ओली असते, कारण उसाला सोडलेलं पाणी पाट फोडून पाणंदीत येतं. शंभर मीटरचा ओला पट्टा दिसला तर चालवत घुसू नका. उतरून कडेच्या गवतावरून ढकला. जाम झालेल्या चाकावर जोर देऊन पेडल मारलं की डिरेलर चिखलासकट मागे ओढला जातो, हँगर तुटतो, कधी डिरेलर स्पोकमध्ये जातो. आधी काडीने चेनस्टेजवळचा (चेनला समांतर मागे जाणाऱ्या नळीजवळचा) आणि ब्रेकभोवतीचा चिखल काढा, मागचं चाक हाताने मोकळं फिरलं तरच बसा. उसाच्या फडात कोयते चालू असतील तर थांबून विचारावं, “पुढं पाणी सोडलंय का?” उत्तर नेमकं मिळतं, कोणत्या शेतापाशी ते सांगून.

गाळपाचा हंगाम असल्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या वाटेत असणारच. मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते. तिच्या शेजारून पुढे जायचा प्रयत्न करू नका, आवाजात ड्रायव्हरला हाकही ऐकू येत नाही. रस्त्यावर पडलेल्या उसावरून काटकोनात जा, तिरकं गेलं तर तो चाकाखाली गुंडाळतो. संध्याकाळी बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, म्हणून पाचच्या आत कऱ्हाड गाठलेलं बरं. तांबव्याच्या आसपास नदी रुंद आणि संथ होते. पावसाळ्यात पूर आला की या गावाला पाण्याचा वेढा पडतो. काठावरच्या झाडांत उंचावर अडकलेला पालापाचोळा आणि प्लास्टिक पाहिलं की पाणी कुठवर चढतं ते समजतं.

कऱ्हाडात थेट प्रीतिसंगमावर जायचं. कृष्णा एका बाजूने, कोयना समोरून, आणि दोन्हींचं पाणी मिळून पूर्वेला वळतं. घाटाजवळ यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. सायकल घाटाच्या पायऱ्यांवरून खाली नेऊ नका, वरच ठेवा.

धुणं घाईने करायचं नाही. फ्रेमच्या खालच्या नळीवर आता तिन्ही मातींचे थर असतात. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, मग मगभर पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारू नका. जांभ्याची भुकटी हबच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये ढकलली जाते आणि महिनाभराने खरखर सुरू होते. चेन पुसून कोरडी करा, मग तेल. पॅड काढून बघा. मुरुमात आणि ओल्या मातीत ते अपेक्षेपेक्षा लवकर संपतात.

कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीच्या बाजूला चार-पाच किलोमीटरवर आहे. पुणे-मिरज मार्गावरच्या गाड्या थांबतात, पण थांबा थोड्या वेळाचा. सायकल पार्सलने पाठवायची असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा. दोन्ही चाकं काढून, हँडल फिरवून बॅगेत बांधली तर सामानासारखी बरोबर नेणं सोपं जातं. बॅग भरण्याआधी मागचा डिरेलर स्क्रू सोडून आत, चेनस्टेला बांधा आणि डिस्क पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घाला. ती नसताना गर्दीत कुणाचा पाय लिव्हरवर पडला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि पुण्याच्या फलाटावर चाक बसत नाही.